संत्रं आक्रसलं की पट्टी सरकली?

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या एका गृहस्थांची माळव्यातल्या आगर गावाजवळ नऊ बिघे संत्र्याची बाग आहे. आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांचं पीक, धरलेला आहे. ते दर रविवारी बागेत जातात, मोबाईलनं फळांचे फोटो काढतात आणि एक ॲप त्यांना फळाचा व्यास काढून देतं. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पंधरा फळांची सरासरी 44.1 मिलिमीटर आली आणि पुढच्या रविवारी 41.5. ते विचारतात, फळं लहान कशी झाली? चांगला कॅमेरा घेऊ का? आणि या आकड्यांच्या जोरावर व्यापाऱ्याशी बागेतल्या मालाचा सौदा करता येईल का?

कॅमेरा घेऊ नका. तुमच्या फोनमध्ये आहे तो गरजेपेक्षा जास्तच चांगला आहे.

मी बागेत आलो तो इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातून. तिथे माझं काम गाड्यांच्या सुट्या भागांवर कॅमेरा लावून त्यांची मापं तपासायचं. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक भाग कॅमेऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उजेडात, ठरलेल्या बाजूनं यायचा, म्हणून मिलिमीटरचा शंभरावा हिस्सासुद्धा सापडायचा. बागेत यातलं काहीच ठरलेलं नसतं. फळ वाऱ्यानं हलतं, पानाआड जातं, आणि फोटो काढणारा माणूस दर वेळी वेगळ्या अंतरावर उभा राहतो. कारखान्यात मला कॅमेऱ्याची काळजी करावी लागायची. बागेत कॅमेरा सोडून बाकी सगळ्याची करावी लागते.

आता तुमचे 2.6 मिलिमीटर कुठे गेले ते पाहू. संत्र्याचं फळ खरोखरच आक्रसतं, हे आधी सांगतो. दुपारी पानांतून पाणी उडत असतं, मुळांकडून तेवढं येत नाही, मग पानं ते फळाकडून ओढून घेतात. रात्री फळ पुन्हा भरतं आणि थोडं पुढे सरकतं. ही ये-जा रोजची आहे. आमच्या बागेतल्या जुन्या माळीदादांना मी हे पहिल्यांदा सांगायला गेलो, तर ते म्हणाले, “बाबूजी, फल तो सुबे मापो, दोपेर में तो वो बी थकी जाय.” मला यंत्राच्या आलेखावरून कळलेलं त्यांना बोटांवरून माहीत होतं, दुपारी फळ दाबलं की जरा मऊ लागतं म्हणून. पण हे आक्रसणं मिलिमीटरच्या काही भागाचं असतं. तुम्ही पहिल्या रविवारी सकाळी आठला आणि दुसऱ्या रविवारी दुपारी दोनला फोटो काढलेत असं लिहिलंय, त्यामुळे तेवढी गडबड त्यात नक्की आहे. तरी 2.6 मिलिमीटर त्यातून भरून निघत नाहीत.

मोठा चोर दुसरा आहे. तुम्ही लिहिता, “फळ मोठं दिसावं म्हणून फोन वीत-दीड वीत अंतरावर धरतो, दुसऱ्या हातात ॲपचं चौकोनी कार्ड फळाजवळ धरतो.” जवळ म्हणजे नेमकं कुठे? कॅमेऱ्याला मिलिमीटर कळत नाहीत, त्याला फक्त पिक्सेल मोजता येतात. ॲप कार्डाची बाजू किती पिक्सेल भरली ते बघतं आणि त्या पट्टीनं फळ मोजतं. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते. म्हणून कार्ड फळाच्या मागे गेलं की पट्टी लहान दिसते आणि फळ फुगतं. कार्ड पुढे आलं की उलट होतं.

हिशोब करून बघा. फोनपासून फळाचा मधला भाग 25 सेंटिमीटरवर आहे आणि कार्ड 2 सेंटिमीटर मागे. 27 भागिले 25 म्हणजे 1.08. तुमचं 42 मिलिमीटरचं फळ 45.4 चं दिसणार. पुढच्या खेपेला कार्ड 1 सेंटिमीटर पुढे आलं, तर तेच फळ 40.3 चं. फळ जागचं हललेलं नाही आणि तुमच्या वहीत पाच मिलिमीटरचा फरक पडला. आता तुमच्या 2.6 चं नवल वाटायचं कारण नाही.

उपाय फुकटचा आहे. मागे सरका. मीटरभर अंतरावर उभं राहून फोनच्या झूम लेन्सनं फोटो काढलात, तर कार्डाची तीच 2 सेंटिमीटरची चूक आठ टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर येते. आणि कार्ड फळाच्या पाठीला किंवा पोटाला टेकवू नका, फळाच्या कमरेच्या रेषेत, शेजारी आलं पाहिजे. मी बांबूच्या कामट्यावर कार्ड चिकटवलंय आणि कामटा फांदीत अडकवतो, म्हणजे हात मोकळे राहतात. पुष्कळ फोन फार जवळ गेलं की न विचारता रुंद लेन्सवर उडी मारतात, आणि त्या लेन्समध्ये कडेच्या वस्तू ताणल्यासारख्या दिसतात. पोर्ट्रेट मोड तर चुकूनही नको. तो फळाची कड स्वतःच्या मनानं धूसर करतो, आणि आपल्याला मोजायची असते ती कडच.

कार्डावरून माझी एक फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी 50 मिलिमीटरचा चौकोन असलेलं कार्ड कॉम्प्युटरवर बनवलं आणि छापून, लॅमिनेट करून आणलं. छापताना ‘कागदावर बसेल असं’ हा पर्याय चालू राहिला होता. चौकोन 48 चा छापला गेला. मी पट्टी लावून बघितलं नाही, कारण फाईल मीच बनवली होती ना! अख्खा हंगाम प्रत्येक फळ चार टक्के जास्त मोजलं. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण वजन व्यासाच्या घनानं वाढतं, म्हणून मालाचा अंदाज तेरा टक्के फुगला, आणि तो आकडा मी सौद्याच्या वेळी छातीठोकपणे सांगून बसलो होतो. व्यापारी काही बोलले नाहीत, फक्त हसले. त्यांचा नजरेचा अंदाज माझ्यापेक्षा खऱ्याच्या जवळ निघाला. तेव्हापासून छापलेल्या प्रत्येक कार्डाला आधी स्टीलची पट्टी लावतो. लॅमिनेशनही सोडलं, उन्हात ते चमकतं आणि चौकोनाची कड सापडत नाही. कार्ड नसेल त्या दिवशी दहा रुपयांचं नाणं चालतं, त्याचा व्यास 27 मिलिमीटर असतो. पण तेही चमकतं, म्हणून सावलीतच.

इथपर्यंतच्या सगळ्या चुका मापाच्या आहेत आणि एका दिवसात सुधारता येतात. तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ वेगळीच आहे, आणि तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे: “दर वेळी समोर दिसतील ती पंधरा फळं घेतो.”

ॲपला फळ ओळखता येतं, पण हे गेल्या वेळचंच फळ का, ते ओळखता येत नाही. गेल्या रविवारची पंधरा वेगळी, या रविवारची वेगळी. मग दोन सरासऱ्यांतला फरक म्हणजे वाढ नव्हे, तो फक्त दोन घोळक्यांतला फरक. त्यात फळगळीची भर घाला. समजा दहा फळं आहेत, सहा 32 मिलिमीटरची आणि चार 22 ची. सरासरी 28. गळ झाली आणि ती चार बारकी खाली पडली, कारण आधी बहुधा तीच पडतात. आता सरासरी 32. आठवड्यात एकही फळ केसभर वाढलेलं नाही, पण आलेखात चार मिलिमीटरची उडी! अशी उडी पाहून ‘फवारणी लागू पडली’ म्हणून खूश झालेले बागाईतदार मी पाहिलेत. माल कमी झालाय आणि आलेख वर चाललाय.

म्हणून फळांना नंबर द्या. पंधरा पुरणार नाहीत. एका बागेत फळांच्या आकारात साधारण दहा टक्के इकडे-तिकडे धरलं आणि सरासरी दोन टक्क्यांच्या आत हवी असेल, तर हिशोबानं शंभराच्या आसपास फळं लागतात. वीस झाडं, प्रत्येकावर पाच फळं: चार दिशांना चार आणि एक आतल्या फांदीवरचं. झाडं निवडताना मन वापरू नका, दर दहावं झाड घ्या. माणसाचा हात आपोआप डोळ्यासमोरच्या, उन्हातल्या, गोऱ्यागोमट्या फळाकडे जातो आणि मग बाग कागदावर जरा जास्तच देखणी होते.

टॅग कसले लावायचे, यावर माझी तीन वर्षं गेली. लाल लोकर बांधली, ती बुलबुलांनी घरट्यासाठी नेली. प्लॅस्टिकच्या पट्टीवर मार्करनं लिहिलं, श्रावणात धुऊन गेलं. शेवटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे, त्यावर खिळ्यानं ठोकलेला नंबर, आणि बारीक तारेनं फळाच्या मागच्या काडीला सैल अडकवलेले. देठाला आवळू नका, देठ जाड होत जातो. फोटो असा काढा की नंबर चौकटीत येईल, म्हणजे संध्याकाळी घरी ‘हा फोटो कुठल्या झाडाचा’ म्हणून डोकं खाजवावं लागत नाही. आणि बागेतल्या सगळ्यांना सांगून ठेवा. एका वर्षी टॅग लावलेलं फळ म्हणजे काहीतरी खास वाण असणार, अशा समजुतीनं आमच्याकडच्या मंडळींनी त्यातली अकरा फळं पाहुण्यांना मोठ्या आदरानं दिली.

वेळ सकाळची, ऊन फळावर पडायच्या आधीची. आक्रसण्याचं कारण वर आलंच, पण दुसरंही आहे. कडक उन्हात फळाची अर्धी बाजू झळझळते, अर्धी काळी पडते, आणि सॉफ्टवेअर नुसती उजळ बाजू फळ समजतं. पाऊस पडून गेल्यावर लगेच नको, ओल्या फळावर चकाकी येते. आडवी रुंदी मोजा, उंची नको. आपलं नागपुरी संत्रं वरून चपटं, काही फळांना देठाशी मान असते, त्यामुळे उंची फसवते.

ॲप हिरवं फळ हिरव्या पानांतून कसं शोधतं, हेही विचारलंय. रंगावरून शोधणारं सॉफ्टवेअर ऑक्टोबरपर्यंत तुमच्या कामाचं नाही. हल्लीची बरीच ॲप्स ढीगभर फोटो दाखवून शिकवलेलं मॉडेल वापरतात. पण मॉडेल जे पाहून शिकलं तेच ओळखतं. कोको नावाच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहात 80 प्रकारच्या वस्तू आहेत, त्यात संत्रंही आहे. पण ते बहुतेक पिकलेलं, टोपलीत नाहीतर टेबलावर ठेवलेलं. ऑगस्टमधल्या माळव्यातल्या फांदीवरचं हिरवंगार फळ त्यानं कुठून पाहिलेलं असणार? तुमच्याच बागेतल्या दोन-तीनशे फोटोंवर फळांची कड आखून मॉडेलला पुन्हा शिकवलं, की फरक डोळ्याला दिसतो. 2023 साली मेटा कंपनीनं ‘सेगमेंट एनीथिंग’ नावाचं मॉडेल खुलं केलं, त्यात फळावर एक टिचकी मारली की कड आपोआप आखली जाते. हे काम घरातल्या कॉलेजच्या पोराला दिवाळीच्या सुटीत देण्याजोगं आहे. तोवर शंभर फळांसाठी ॲपची गरजच नाही. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत 1997 मध्ये तयार झालेलं. त्यात कार्डाच्या बाजूवर रेघ ओढून ‘ही 50 मिलिमीटर’ असं सांगायचं आणि मग फळावर रेघ ओढायची. शंभर फोटोंना तास-दीड तास लागतो. मी अजूनही शंका आली की तिथेच जातो.

ड्रोनचं विचारलंत. संत्र्याला नको. वरून छत्री दिसते, फळं छत्रीखाली असतात. काही महागड्या फोनमध्ये अंतर मोजणारा लेसर असतो, तोही झाडाची उंची किंवा घेर काढायला ठीक, फळाचा मिलिमीटर त्यातून निघत नाही.

आणि एक जुनं हत्यार खिशात ठेवाच: व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे जबड्यात वस्तू धरून माप घ्यायची सरकती पट्टी. दर खेपेला शंभरातली दहा फळं हातानं मोजा आणि फोटोच्या आकड्याशेजारी लिहा. दोन्हींतला फरक दर आठवड्याला सारखाच राहिला, तर तुमची पद्धत बसली. फरक एकदा अधिक, एकदा उणा असा नाचत असेल, तर कार्ड अजून जागेवर नाही. लोक मला विचारतात, मग सगळीच फळं कॅलिपरनं का मोजू नयेत? मोजा की! शंभर फळांपर्यंत कॅलिपरच बरा. फोटोचा फायदा दोन ठिकाणी आहे. फोटो राहतो, म्हणजे नोव्हेंबरात शंका आली तर ऑगस्टचं फळ पुन्हा मोजता येतं. आणि डाग, कोळी कीड, उन्हानं भाजलेली साल यांची तारीखवार नोंद आपोआप होते. माझ्या मते ही दुसरी गोष्ट व्यासापेक्षा जास्त पैसे वाचवते.

आता आकडे आले, तर ते वाचायचे कसे? संत्र्याची वाढ सरळ रेषेत होत नाही, तिरप्या इंग्रजी एस अक्षरासारखी होते. फुलानंतरचे पहिले काही आठवडे फळ आत पेशींची संख्या वाढवत असतं. साल जाडसर होते, बाहेरून फारसं काही दिसत नाही. मग पेशी पाण्यानं भरायला लागतात आणि फळ पळतं. आंबिया बहारात हा पळण्याचा काळ पावसाळ्यात येतो. माझ्या वहीत या काळात आठवड्याला दोन ते तीन मिलिमीटरची नोंद आहे. रंग फिरायला लागला की वेग मंदावतो. त्यामुळे ऑक्टोबरात वेग कमी झाला म्हणून घाबरून खतं ओतू नका. पण ऑगस्टमध्ये पावसानं आठ-दहा दिवस ओढ दिली आणि नंबरच्या फळांचा वेग निम्म्यावर आला, तर ती खरी हाक आहे. काळी जमीन वरून ओली दिसते, आत भेगा सुटायला लागलेल्या असतात. पान कोमेजायच्या आधी फळ सांगतं. त्याच दिवशी ठिबक चालू करा.

लक्षात घ्या, व्यासाचा थोडा फरक वजनात मोठा होतो. 50 मिलिमीटरचं फळ 60 चं झालं तर व्यास वाढला वीस टक्के, आकारमान वाढलं जवळजवळ 73 टक्के. पण संत्र्यात एक गोम आहे. आपलं संत्रं सैल सालीचं. झाडावर जास्त दिवस राहिलं की साल फुगते, आत पोकळी पडते. कॅमेऱ्याला पोकळी दिसत नाही. शेवटच्या महिन्यात आलेख वर जातो आणि काट्यावर वजन तेवढंच राहतं. म्हणून सौद्याच्या आधी टॅगशिवायची तीसेक फळं तोडा, लहान-मोठी मिसळून. एकेक मोजा, एकेक काट्यावर ठेवा आणि आपलं आपलं कोष्टक बनवा: 55 चं फळ किती ग्रॅम, 60 चं किती, 65 चं किती. दुसऱ्याच्या बागेचं कोष्टक उसनं घेऊ नका, पाणी आणि छाटणी बदलली की ते बदलतं.

सौद्याचं म्हणाल तर व्यास हा निम्माच हिशोब आहे. दुसरा निम्मा म्हणजे झाडावर फळं किती, आणि तिथे फोटो फारच लंगडा पडतो. झाडाच्या दोन्ही बाजूंनी व्हिडिओ काढून मोजलीत तरी आतली फळं दिसत नाहीत. मार्ग एकच: आठ-दहा झाडांची फळं माणसं लावून हातानं मोजायची, तीच झाडं व्हिडिओत मोजायची, आणि त्या दोन आकड्यांचं जे प्रमाण येईल ते बाकीच्या झाडांना लावायचं. दाट जुन्या झाडांना एक प्रमाण, तरुण झाडांना दुसरं. या हंगामात तुमच्याच्यानं हे होईल असं मला वाटत नाही. यंदा ठेक्याचा भाव ठरवताना फोटोतून एवढंच म्हणा: नंबरच्या शंभर फळांतली किती कोणत्या आकाराची आहेत. सप्टेंबरात जे फळ मागे असतं ते बहुधा तोडणीलाही मागेच असतं, त्यामुळे मोठ्या मालाचा वाटा किती, हे बऱ्यापैकी आधी कळतं. इंदूरच्या चोइथराम मंडीत मोठ्या आणि बारीक मालाच्या कॅरेटच्या भावात जो फरक पडतो, तो बघता एवढी माहितीही व्यापाऱ्यासमोर बसताना पुष्कळ झाली.

तुमची ती दोन रविवारची पंधरा-पंधरा फळं विसरून जा, पण फोटो पुसू नका. त्यात कार्ड कुठे धरलं होतं ते दिसेल, आणि कार्डाची सावली फळावर पडलीय का तेवढं बघा. पडली असेल आणि उजेड तुमच्या पाठीमागून येत असेल, तर ते उजेडाच्या वाटेत, फळाच्या पुढे होतं. येत्या रविवारी पत्र्याचे टॅग घेऊन उजाडता बागेत पोचा, वीस झाडं उरका. त्याच्या पुढच्या रविवारी मोजायच्या आधी झाडाखाली वाका आणि किती नंबर जमिनीवर पडलेत ते मोजा. मला आधी तो आकडा कळवा, व्यासाचं नंतर बघू.